‘वाजवी’ वाचनसाहित्य : हातसामानाच्या यादीचा इतिहास

विमानात प्रवाशाने आपल्याजवळ काय ठेवावे यासंबंधीची एक यादी असते. एके काळी ती तिकिटाच्या पुस्तिकेत बारीक अक्षरांत छापलेली असे. आता ती विमानकंपन्यांच्या आणि विमानतळांच्या संकेतस्थळांवर आढळते. एका हातपिशवीखेरीज जवळ बाळगण्यास मुभा असलेल्या वस्तू तीत ओळीने सांगितलेल्या असतात: स्त्रियांची पर्स, ओव्हरकोट किंवा शाल, पांघरूण, कॅमेरा किंवा दुर्बीण, छत्री किंवा काठी, तान्ह्या मुलाचे खाणे व त्याची टोपली, अपंग प्रवाशाच्या कुबड्या अथवा घडीची चाकांची खुर्ची. आणि या साऱ्यांच्या मध्ये, जणू कुणाच्या लक्षात न आल्यामुळे राहून गेल्यासारखे, आणखी एक कलम असते: प्रवासात वाचण्यासाठी वाजवी प्रमाणात वाचनसाहित्य.

साहित्याच्या वाचकाने या कलमापाशी अडखळावे हे स्वाभाविक आहे. ‘वाजवी’ म्हणजे किती? एक कादंबरी, की दिवाळी अंकांचा गठ्ठा? दोन तासांच्या प्रवासात जेवढे वाचून होईल तेवढे, की न वाचता केवळ सोबतीला हवे असते तेवढे? यादी काहीच सांगत नाही. आजूबाजूचे नियम सेंटिमीटर, किलोग्रॅम आणि मिलिलिटर यांची भाषा बोलत असताना येथे मात्र एका विशेषणावर काम भागवलेले आहे. हातसामानाच्या नियमांचा सबंध इतिहास या एका विशेषणाच्या बाजूने वाचता येईल, असे आम्हांस वाटते. जी गोष्ट प्रवाशाच्या विवेकावर सोडलेली होती ती हळूहळू मापाच्या स्वाधीन कशी झाली, आणि ते माप कोणत्या प्रसंगानंतर व कोणी ठरवले, असा तो इतिहास आहे.

भारतातील विमानवाहतुकीचा आरंभ प्रवाशांनी नव्हे, पत्रांनी झाला. १८ फेब्रुवारी १९११ रोजी आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादहून यमुनेपलीकडील नैनीपर्यंत सुमारे साडेसहा हजार पत्रे नेली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस आणले तेही टपालच होते. ‘वाचनसाहित्य’ विमानात प्रथम चढले आणि माणसे मागाहून आली, असे म्हटले तर ती निव्वळ कोटी ठरू नये. माणसे आली तीही वजन करूनच. लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावर इम्पीरिअल एअरवेजच्या प्रवाशांना सामानाप्रमाणेच तराजूवर उभे राहावे लागे; कारण त्या काळच्या विमानाला माणूस आणि पेटी यांच्यात फरक करणे परवडणारे नव्हते. ओझे ते ओझे.

हा फरक केला तो कायद्याने. १२ ऑक्टोबर १९२९ रोजी वॉर्सा येथे आंतरराष्ट्रीय हवाई वाहतुकीसंबंधीचा करार झाला. १९३४च्या अधिनियमाने तो हिंदुस्थानातही लागू झाला. या कराराने सामानाचे दोन वर्ग पाडले: एक, कंपनीच्या ताब्यात दिलेले, आणि दुसरे, प्रवाशाने स्वतःच्या ताब्यात ठेवलेल्या लहानसहान खासगी वस्तू. पहिल्या वर्गाची पावती असे, दुसऱ्याची नसे. पहिल्याची नुकसानभरपाई किलोमागे २५० फ्रँकपर्यंत ठरली. दुसऱ्याची मात्र दर प्रवाशामागे एकूण ५,००० फ्रँकपर्यंत. म्हणजे पेटीतील सामान वजनाने मोजले गेले, आणि जवळच्या वस्तू माणसागणिक. यात एक सूक्ष्म पण महत्त्वाची जाणीव आम्हांस दिसते. जे माणसाच्या हाताशी असते ते त्याच्या व्यक्तित्वाचा विस्तार असते. त्याचे मोल किलोने होत नाही, हे कायद्याच्या रुक्ष भाषेनेही मान्य केले होते.

पुढील काही दशकांत आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेच्या ठरावांतून आरंभी सांगितलेली यादी रूढ झाली. इकॉनॉमी वर्गाला २० किलो आणि पहिल्या वर्गाला ३० किलो सामान फुकट, आणि त्याखेरीज या जवळच्या वस्तू. ही यादी साहित्यकृतीसारखी वाचली तर तिच्यातून एक पात्र उभे राहते. या पात्राकडे ओव्हरकोट आहे, हातात काठी आहे, गळ्यात दुर्बीण आहे. त्याच्यासोबत पर्स घेतलेली स्त्री आहे आणि टोपलीत निजलेले मूल आहे. ते थंड हवेच्या देशातून आलेले, सुस्थितीतले आणि फावल्या वेळी वाचणारे कुटुंब आहे. त्या काळच्या विमानांत डोक्यावर दारे असलेले कप्पे नव्हते. हॅट आणि कोट ठेवण्यापुरती उघडी फळी असे. जानेवारी १९७०मध्ये बोइंग ७४७ सेवेत आले आणि त्यानंतर झाकणाचे कप्पे सर्वत्र रूढ होत गेले. यादी आणि फळी एकमेकींना साजेशा होत्या, कारण दोन्ही एकाच माणसाच्या मापाने बेतलेल्या होत्या.

या चित्रात कोण नाही, हेही पाहायला हवे. आपल्याकडचा प्रवासी म्हणजे वळकटी, ट्रंक, पाण्याचा तांब्या आणि फडक्यात बांधलेली शिदोरी. रेल्वेच्या आणि एसटीच्या प्रवासाची आपली सारी स्मृती या वस्तूंनी भरलेली आहे. त्यांतली एकही या यादीत नाही. तान्ह्या मुलाच्या खाण्याची सोय आहे. मोठ्या माणसाने घरचे अन्न जवळ बाळगावे, ही कल्पनाच तिला सुचलेली नाही. ‘वाजवी’ हे विशेषण उदार होते खरे, पण त्याचे औदार्य आपल्यासारख्यांपुरते होते. ज्याची सभ्यता गृहीत धरता येते त्याच्याच विवेकावर विश्वास टाकला जातो.

हा विश्वास उडाला तो विमान-अपहरणांच्या काळात. अमेरिकेत १९६८ ते १९७२ या वर्षांत अपहरणांची मालिकाच सुरू झाली, आणि अखेर ५ जानेवारी १९७३पासून तेथे प्रत्येक प्रवाशाची व त्याच्या हातसामानाची तपासणी सक्तीची झाली. त्याआधी बहुतेक प्रवासी पिशवी न उघडता विमानात जाऊन बसत, ही गोष्ट आजच्या विद्यार्थ्याला दंतकथाच वाटेल.

आपल्याकडचा धडा थोडा वेगळा होता. ३० जानेवारी १९७१ रोजी श्रीनगरहून जम्मूकडे निघालेले इंडियन एअरलाइन्सचे ‘गंगा’ हे विमान लाहोरला पळवण्यात आले. प्रवाशांची सुटका झाली, विमान जाळले गेले, आणि भारताने पाकिस्तानी विमानांना आपल्या आकाशातून जाण्यास बंदी केली. पश्चिम व पूर्व पाकिस्तानमधला थेट हवाई मार्ग त्यामुळे तुटला. त्याच वर्षाच्या अखेरीस काय घडले हे सर्वांना ठाऊक आहे. एवढ्या मोठ्या घटनाक्रमाच्या आरंभी अपहरणकर्त्यांच्या हातात होते ते एक खेळण्यातले पिस्तूल आणि एक लाकडी हातबॉम्ब. २० डिसेंबर १९७८ रोजी लखनौहून दिल्लीला जाणारे विमान दोन तरुणांनी वाराणसीस उतरवायला लावले. इंदिरा गांधींची सुटका व्हावी ही त्यांची मागणी होती. त्यांच्याजवळचीही शस्त्रे खेळण्यातलीच निघाली. आज मनाई असलेल्या वस्तूंत खऱ्या शस्त्रांच्या शेजारी खेळण्यातल्या बंदुकीचे नाव दिसते तेव्हा लहान मुलाच्या आईबापांना हसू येते. पण इतिहासाच्या वाचकाला या दोन तारखा आठवल्यावाचून राहत नाहीत. वस्तू खरी आहे की खोटी याला महत्त्व उरले नव्हते. ती पाहणाऱ्याच्या मनात काय उत्पन्न करते याला होते. रंगभूमीच्या अभ्यासकांना हे तत्त्व नवे नाही.

यादीची अशी एकेक ओळ म्हणजे एकेका भीतीची नोंद आहे. आपल्या परंपरेत बखर लिहिणारा राजांची आणि लढायांची हकिगत सांगे. ही यादीही एक बखरच आहे, फक्त तिच्यातून हकिगत गळून पडली आहे आणि वस्तूंची नावे तेवढी उरली आहेत. सप्टेंबर १९७६मधील एका अपहरणानंतर नेमलेल्या पांडे समितीच्या शिफारशीवरून जानेवारी १९७८मध्ये नागरी विमान सुरक्षेसाठी एक कक्ष स्थापन झाला. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे ‘कनिष्क’ आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ स्फोटाने कोसळून ३२९ जण मरण पावले. बॉम्ब ज्या पेटीत होता तिचा मालक विमानात चढलाच नव्हता. १ एप्रिल १९८७ रोजी त्या कक्षाला स्वतंत्र कार्यालयाचा दर्जा मिळाला. डिसेंबर १९९९मध्ये काठमांडूहून निघालेले विमान कंदाहारला नेले गेले, आणि २०००पासून विमानतळांची राखण टप्प्याटप्प्याने केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे आली. हातपिशवीच्या टॅगवर उमटणारा सुरक्षेचा शिक्का एका पिढीच्या प्रवासस्मृतीचा भाग होऊन गेला. १ एप्रिल २०१७पासून मुंबई, दिल्लीसह सात मोठ्या विमानतळांवर तो बंद झाला. श्रीनगर, जम्मू व लेहहून निघणाऱ्या प्रवाशांना तर कित्येक वर्षे हातपिशवी जवळजवळ निषिद्धच होती. एकाच देशाच्या नागरिकांवरचा विश्वास विमानतळागणिक कमीअधिक होता, हेही या बखरीत नोंदलेले आहे.

आणि तरीही एक नवल घडले. कंदाहारनंतर, २०००मध्ये, नागरी विमान सुरक्षा कार्यालयाने प्रत्येक प्रवाशास एकच हातपिशवी असा दंडक घालणारे परिपत्रक काढले. जानेवारी २०२२मध्ये त्याची कडक अंमलबजावणी करण्याची पुन्हा आठवण देण्यात आली. या परिपत्रकात अपवाद म्हणून दिलेल्या वस्तू पाहाव्यात तर त्या जुन्याच: ओव्हरकोट, पांघरूण, दुर्बीण, छत्री, आणि हो, वाजवी वाचनसाहित्य. संशयाच्या ऐन भरातही विश्वासाच्या युगातला मजकूर जसाच्या तसा उतरवून घेतला गेला. कारकुनी लेखनात नक्कल करण्याच्या सवयीने पुष्कळ अनर्थ होतात. येथे त्याच सवयीने एक विशेषण वाचवले.

ते किती नाजूक आहे हे १० ऑगस्ट २००६ रोजी दिसले. द्रवरूप स्फोटके विमानात नेण्याचा कट उघडकीस आल्यावर ब्रिटनमधील विमानतळांवर एका रात्रीत हातसामान बंद झाले. पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत जे नेता येईल तेवढेच: पाकीट, प्रवासाची कागदपत्रे, औषधे, किल्ल्या, रुमाल. बाळाचे दूध नेता येई, पण सोबतच्या मोठ्या माणसाने ते आधी चाखून दाखवावे लागे. चष्मा चाले, त्याचे घर चालत नसे. पुस्तक या यादीत नव्हते, वर्तमानपत्रही नव्हते. अटलांटिक ओलांडणाऱ्या प्रवाशापाशी चष्मा होता आणि वाचायला स्वतःचे काही नव्हते. ही स्थिती पाचसहा दिवसांत सैल झाली. त्याच वर्षीच्या ६ नोव्हेंबरपासून युरोपात १०० मिलिलिटरच्या बाटल्या आणि एक लिटरची पिशवी हा नियम आला. नव्या तपासणीयंत्रांमुळे काही विमानतळांवर तो आता शिथिल होऊ लागला आहे. नियम मागे घेतले जातात तेही भीती ओसरली म्हणून क्वचितच. बहुधा यंत्र सुधारले म्हणून.

मापाचा एक गुण मात्र मान्य करावा लागतो. माप उघड असते. विशेषणाचा अर्थ अधिकाऱ्याच्या मर्जीवर राहू शकतो. ‘वाजवी’ या शब्दाबद्दल आम्हांस ममत्व असले तरी त्याच्या आडून मनमानी होऊ शकते, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु उलट बाजूही आहे. २५ सप्टेंबर २००५ रोजी व्हिएन्नाच्या विमानतळावर एका प्रवाशाच्या हातसामानात टेनिसच्या रॅकेटी होत्या. तपासणीत हरकत घेतली गेली. तरी तो विमानात जाऊन बसला, तेव्हा त्याला खाली उतरवण्यात आले. कोणत्या नियमाने, हे शोधता असे निष्पन्न झाले की, मनाई असलेल्या वस्तूंची यादी ज्या परिशिष्टात होती ते युरोपीय आयोगाने सुरक्षेच्या कारणास्तव प्रसिद्धच केलेले नव्हते. काफ्काच्या वाचकांना ही परिस्थिती परिचित वाटेल: कायदा आहे, तो तुमच्यावर लागू आहे, फक्त तो तुम्हांला वाचता येणार नाही. १० मार्च २००९ रोजी युरोपीय न्यायालयाने निर्णय दिला की, जे परिशिष्ट प्रसिद्ध झालेले नाही ते नागरिकांवर बंधने लादू शकत नाही. नागरिकाला काय वाचू द्यावे हा प्रश्न येथे पुस्तकाचा नव्हता, खुद्द नियमाचा होता.

भीतीच्या पाठोपाठ बाजार आला. १९७२मध्ये बर्नार्ड सॅडो यांना चाकांच्या सूटकेसचे अमेरिकी पेटंट मिळाले. १९८७च्या सुमारास रॉबर्ट प्लॅथ या वैमानिकाने उभी ओढण्याची, लांब दांड्याची पेटी बनवली. हातसामान हातातून सुटून जमिनीवर आले आणि त्याच्या वजनाचा प्रश्न खांद्यापुरता मिटला. पुढे २००८मध्ये अमेरिकेतील मोठ्या कंपन्या पहिल्याच पेटीवर शुल्क आकारू लागल्या, तेव्हा लोकांनी सारे काही जवळच ठेवण्यास सुरुवात केली. कप्पे अपुरे पडू लागले. ऑगस्ट २०१०पासून स्पिरिट एअरलाइन्सने कप्प्यात ठेवण्याच्या पिशवीवरही शुल्क लावले. वॉर्सा करारात जी वस्तू प्रवाशाच्या व्यक्तित्वाशी जोडलेली होती ती आता जागेच्या भाड्याशी जोडली गेली.

याच संदर्भात आपले विशेषण अनपेक्षितपणे न्यायालयात परत आले. १८ सप्टेंबर २०१४ रोजी, नोंदणीच्या सामानावर शुल्क आकारता येते काय असा वाद समोर असताना, युरोपीय न्यायालयाने म्हटले की, ते आकारता येईल; परंतु प्रवाशाने स्वतःजवळ ठेवलेले सामान हे तत्त्वतः प्रवासाचे आवश्यक अंग आहे, आणि वजन व आकारमान यांच्या वाजवी अटी ते पूर्ण करीत असेल तर त्यावर अधिक पैसे घेता येणार नाहीत. पुन्हा ‘वाजवी’! पण आता ते प्रवाशाच्या सभ्यतेबद्दलचे गृहीतक नव्हते. कंपनीच्या अधिकाराला घातलेली मर्यादा होती. तोच शब्द, दिशा मात्र उलटी.

हे झाले युरोपचे. आपल्या देशात ‘जवळचे’ या शब्दाला आणखी एक पदर आहे. २९ सप्टेंबर १९८१ रोजी दिल्लीहून निघालेले एक विमान कृपाणधारी अपहरणकर्त्यांनी लाहोरला नेले. असे असूनही देशांतर्गत विमानांत शीख प्रवाशाला कृपाण बाळगण्याची मुभा आहे: पाते सहा इंचांहून अधिक नसावे आणि एकूण लांबी नऊ इंचांहून अधिक नसावी. डिसेंबर २०२२मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने या मुभेविरुद्धची याचिका फेटाळली. येथे भीतीची स्मृती आणि श्रद्धेचा अधिकार यांच्यातली तडजोड इंचांत लिहिलेली आहे, आणि मापाचा हा उपयोग आम्हांस गौरवास्पद वाटतो. नारळाची गोष्टही तशीच. सुके खोबरे हे आंतरराष्ट्रीय नियमांत आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या पदार्थांत गणले जाते, आणि आपल्याकडे हातसामानात नारळाला मनाई आहे. ऑक्टोबर २०२४मध्ये शबरीमलाच्या यात्रेकरूंना त्यांच्या इरुमुडीतील नारळ जवळ ठेवण्याची सवलत २० जानेवारी २०२५पर्यंत देण्यात आली. गावच्या देवाचा प्रसाद म्हणून मिळालेला नारळ तपासणीच्या टेबलावर सोडून यावा लागलेल्या कोणत्याही मराठी कुटुंबाला या सवलतीचे मोल वेगळे सांगायला नको. यात्रेकरूचा नारळ वाजवी, मग माहेरवाशिणीच्या ओटीतला? या प्रश्नाचे उत्तर तंत्रज्ञाकडे नाही. ते समाजाच्या एकमेकांविषयीच्या जाणिवेकडे आहे.

यंत्रयुगाने शेवटी एक विचित्र वळण घेतले. एकीकडे मार्च २०१७मध्ये अमेरिकेने पश्चिम आशिया व उत्तर आफ्रिकेतील दहा विमानतळांवरून येणाऱ्यांना लॅपटॉप पेटीत टाकण्यास भाग पाडले. जवळ ठेवणे धोक्याचे, म्हणून. दुसरीकडे लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक पेटीत ठेवायला मनाई आहे. दूर ठेवणे धोक्याचे, म्हणून. आग लागलीच तर ती माणसांच्या नजरेसमोर लागावी, असा त्यामागील हिशेब. तळघरातील यंत्रणेपेक्षा शेजारी बसलेला जागा माणूस अधिक भरवशाचा, हे यातून नकळत कबूल झाले आहे.

म्हणूनच ही यादी केवळ सुरक्षेचा दस्तऐवज म्हणून वाचणे अपुरे आहे. माणसावर किती भरवसा ठेवावा याविषयीचा शंभर वर्षांचा वाद तिच्यात थरांथरांनी साचलेला आहे. कुठे तो इंचांत आहे, कुठे मिलिलिटरमध्ये, कुठे रुपयांत. सर्वांत खालचा थर एका विशेषणाचा आहे. आज आपल्याकडे हातपिशवीला सात किलो आणि लांबी, रुंदी, उंची मिळून ११५ सेंटिमीटर अशी रूढ मर्यादा आहे. पुस्तकांचे काय, याबाबत यादीचे मौन तसेच आहे. ते मौन कोणी तरी एक दिवस भरून काढील, पृष्ठसंख्या ठरवील, अशी शक्यता नाकारता येत नाही. तोवर किती वाचन वाजवी हे ठरवण्याचा अधिकार वाचणाऱ्याकडेच आहे, आणि तो वापरात ठेवणे एवढेच आपल्या हाती आहे.